पहिले दहा मिलिमीटर

मुंबईत पर्जन्यजलवाहिन्यांची चर्चा एकाच आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते: तासाला किती मिलिमीटर? जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस कोसळला आणि मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याचा १९९३चा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल पुन्हा बाहेर निघाला. हिशेब ५० मिमीवर गेला, नाले रुंदावले, हाजी अली, इर्ला इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. हे सगळं हवंच होतं. पण त्या पाण्यात काय असतं, हा प्रश्न मागेच राहिला.

आठ कोरडे महिने रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची भुकटी, कुत्र्यांची घाण, सगळं जूनच्या पहिल्या सरींत जाळीतून खाली आणि पातमुखातून खाडीत, समुद्रात. (सांडपाणी वेगळंच. भर मे महिन्यात नाला वाहतो, ते कुठल्या पावसाचं पाणी?)

असं पाणी काय करतं, ते अमेरिकेत दिसलं. सिअ‍ॅटल परिसरातल्या ओढ्यांत पाऊस झाला की अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे आधीच मरून पडत. कारण सापडलं २०२०मध्ये: टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून, ओझोनशी संयोग होऊन बनणारं विष. गंमत म्हणजे त्याच्या काही वर्षं आधीच तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरचं पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून गाळलं होतं आणि त्यात कोहो जगले होते. विषाचं नाव कळण्याआधी उतारा हाती होता.

असा गाळणारा थर रस्त्याकडेच्या खड्ड्यात घालू म्हटलं, की ‘आषाढातला पाऊस काय खड्ड्यात मुरवणार?’ हा आपल्याकडचा ठरलेला सवाल. मुरवायचा नाहीच. पुरासाठी मोठ्या पावसाचं माप धरावं लागतं, स्वच्छतेसाठी लहान सरींचं. ब्रिटनमधली पर्जन्यजल निचऱ्याची मार्गदर्शिका बहुतेक सरींचे पहिले ५ मिमी जागीच अडवायला सांगते. इथल्या धुळीला मी दहा धरीन. बाकीचं खुशाल वाहिनीत जाऊ द्या.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडाचं आळं रस्त्याहून उंच, वर सिमेंटचा कठडा. ते वीतभर खाली घ्या, कडेच्या दगडात फट ठेवा, आत वाळू, कंपोस्ट, खडी आणि तळाशी भोकांचा पाइप वाहिनीला जोडलेला. भरतीच्या शहरात पाणी मुरलं नाही तरी चालेल, गाळून निघालं की पुरे.

माझी खरी शंका वेगळी आहे. अशा आळ्यातला वरचा थर दरवर्षी खरवडावा लागतो, आणि नालेसफाई मोजली जाते गाळाच्या टनांत. आळ्यातली टोपलीभर काळी माती कोण उचलेल? तेव्हा मेच्या अखेरीस किती आळी पाणी पितात ते ओतून पाहावं आणि कंत्राटदाराला पैसे त्यावर द्यावेत. काँक्रिटीकरणासाठी रस्ते खणलेले आहेतच, कडेचे दगड नव्याने बसतायत. दगड बसवताना फट जवळपास फुकट पडते, नंतर फोडायला वेगळी निविदा लागते.