इनाम आणि सरंजाम

मराठी राज्यव्यवहारात इनाम आणि सरंजाम हे दोन वेगळे शब्द होते. इनाम म्हणजे झालेल्या सेवेचा गौरव म्हणून मिळणारी, बहुधा वंशपरंपरेने चालणारी देणगी. सरंजाम म्हणजे पुढच्या मोहिमेसाठी माणसे, घोडी आणि दाणावैरण सांभाळता यावी म्हणून आधीच लावून दिलेला महसूल. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या रणावर निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन यांच्या ज्या फौजा एकवटल्या, त्या मुख्यतः सरंजामावर पोसलेल्या होत्या. आज खेळाडूंवर होणाऱ्या शासकीय खर्चालाही हाच भेद लागू पडतो; ही लढाई जिथे झाली त्या खर्डा गावाने तरी तो विसरू नये.

महाराष्ट्र शासनाने 2024 साली ऑलिंपिक पदकांची बक्षिसे वाढवली आणि पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांना आधी जाहीर झालेल्या 1 कोटीऐवजी 2 कोटी रुपये मिळाले. ही वाढ न्याय्यच होती. केंद्राच्या योजनेत ऑलिंपिक पदकविजेत्याला दरमहा 20 हजार रुपये निवृत्तिवेतन आहे, मात्र ते वयाची 30 वर्षे उलटल्यावर आणि स्पर्धात्मक खेळ सोडल्यावरच सुरू होते. दोन्ही रकमा पदकानंतरच्या, म्हणजे दोन्ही इनामेच. पदकाची आशा असलेल्या निवडक खेळाडूंना दरमहा 50 हजारांचा भत्ता देणारी केंद्राची ‘टॉप्स’ योजना 2014 पासून आहे आणि ती सरंजामाच्या जवळ जाते, परंतु खेळाडू राष्ट्रीय निवडकर्त्यांच्या नजरेत भरल्यावरच तिचा दरवाजा उघडतो.

त्याआधीच्या वर्षांचे काय, हा खरा प्रश्न आहे. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव लोकवर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर परदेशी गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. खर्ड्याशेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, सुवर्णविजेते ठरले. पण त्यांच्यातला धावपटू घडला तो सैन्यात भरती झाल्यावर, तिथल्या पगारावर आणि सरावावर. सरंजाम मिळाला, तो क्रीडा खात्याबाहेरून.

म्हणून बक्षिसाच्या तरतुदीतला एक ठराविक वाटा तालुक्याच्या पातळीवर, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या खुराकासाठी, म्हणजे खेळाडूच्या रोजच्या पौष्टिक आहारासाठी, राखून ठेवला जावा. दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रांचे आखाडे भरू लागतील आणि जिंकणाऱ्या पोराला तिथे इनाम मिळेल. त्याचे दूध, तूप आणि बदाम मात्र घरच्या दुभत्या म्हशीवर आणि उसनवारीवरच चालू राहतील.