आठ महिने कोरडं डबकं



सॅक्रामेंटोच्या आसपास, रोझव्हिल-फॉलसमकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडे जेवायला गेलं की एक प्रश्न कधीतरी ऐकू येतोच : "आठ महिने कोरड्या असणाऱ्या डबक्यासाठी लोकांनी घरं बांधायची नाहीत का?"

आधी हे डबकं काय आहे ते पाहू. जमिनीखाली पाणी न झिरपणारा कठीण थर असतो. त्यावर हिवाळ्यातला पाऊस साचतो, वसंतात आटतो, उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा तळ्यांच्या काठी अहार्ट्स ड्वॉर्फ रश नावाचा लव्हाळा उगवतो. उंची काही सेंटिमीटर, आयुष्य एका हंगामाचं, आणि कॅलिफोर्नियाबाहेर जगात कुठेही नाही. पुरात तगणाऱ्या लव्हाळ्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकलंय. बुलडोझरपुढे वाकून हा वाचत नाही.

राज्यातली अशी ९० टक्क्यांहून अधिक तळी शेतीत आणि बांधकामात गेली. बिल्डर म्हणतो, इथलं बुजवू, पलीकडे नवं करून देऊ. खड्डा खणता येतो, बी असलेली मातीही नेता येते. पण हजारो वर्षांत घट्ट झालेला तो थर कुठल्या कंत्राटदाराकडून आणणार?

कायदाही आकसलाय. २००१ च्या एका निकालाने एकाकी तळ्यांचं संघीय संरक्षण कमी झालं. मे २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नदी-तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेलीच पाणथळ जागा धरायची. पावसाळी तळं असं जोडलेलं नसतं, हेच तर त्याचं वैशिष्ट्य! हा लव्हाळा संघीय धोकाग्रस्त यादीतही नाही. राज्याचे कायदे शाबूत आहेत, पण कुणी विचारणारं असेल तरच त्यांना धार.

२०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणासाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी निषेधाची पत्रं पुढे पाठवली! सडा पडीक नाही, हे तिथल्या सरकारला आपण इथे बसून ऐकवलं. (योग्यच केलं.) मग घराच्या कुंपणापलीकडची तीच गोष्ट आपल्याला डबकं कशी वाटते? घरं हवीतच, मोकळी पडलेली पार्किंगची मैदानं शहरात कमी नाहीत.

नव्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मसुदा म्हणून येतो, तेव्हा कुणालाही लेखी हरकत घेता येते आणि अंतिम अहवालात तिला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या काउंटीत असा मसुदा आला, तर वनस्पतींची पाहणी वसंतात झाली की ऑगस्टात, एवढं तरी विचारा. ऑगस्टात तिथे काहीच दिसत नाही.