हास्यमूकपटांचे विस्मृत ऋण

'राजा हरिश्चंद्र'नंतर वर्षभरातच, १९१४ साली, दादासाहेब फाळके यांनी 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट काढला. मूकपटांची नायट्रेट फीत ज्वालाग्राही. कित्येक फिती जळाल्या, कित्येक चांदीसाठी वितळवल्या गेल्या. तेराशेंवर भारतीय मूकपटांपैकी मोजकेच उरले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु नटांची व स्टुडिओंची नावे जुन्या जाहिराती आणि हस्तपत्रकांतूनच शोधावी लागतात. हे काम केवळ शासनाचे नव्हे. माळ्यावरच्या दप्तरांतून इतिहास उभा राहतो, हे धुळ्यात अखेरचा श्वास घेतलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी दाखवून दिले. जळगाव-धुळ्यातील कुटुंबांनी जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकवार चाळावेत. हसवून गेलेल्यांची नावे जपणे, हेही पूर्वजांचे ऋण फेडणेच होय.