जुन्या संगणकावर खर्च कोठे करावा?

पेढीवरील संगणक मंदावला की नवा घेण्याची घाई होते. परंतु यंत्र नेमके कोठे अडते, हे आधी टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. सर्वाधिक फरक बहुधा तिनेच पडतो. टॅली, ब्राउझर व जीएसटीचे विवरणपत्र एकदम उघडताच मेमरी भरत असेल, तर ४ जीबी रॅमची ८ जीबी करावी. हिशेबाच्या कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी होय.

मात्र विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्राच्या रॅमवर पैसा घालू नये. एसएसडी तेवढी पुढील यंत्रातही सहसा चालते.

डिस्क बदलण्यापूर्वी खतावणीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उधारीच्या नोंदी गेल्यास वसुली कशाच्या आधारे करणार?