बोटींचे वैभव आणि आमचे तारवटी

जुन्या आलिशान बोटींची वर्णने वाचताना विद्यार्थ्यांचे डोळे दिपतात. १९१२ च्या ‘टायटॅनिक’वर पोहण्याचा तलाव होता, तुर्की स्नानगृह होते, व्यायामशाळाही होती. (तिसऱ्या वर्गाच्या सातशेंच्या आसपास उतारूंना मात्र आंघोळीचे टब अवघे दोन!) पण ते वैभव राखणारे हात या वर्णनांत कोठेच दिसत नाहीत, हे आम्हांस खटकते.

मुंबईहून सुएझमार्गे विलायतेस जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वाढपी, आचारी, खोल्यांची व्यवस्था पाहणारे नोकर पुष्कळसे गोमंतकीयच असत. बारदेश-साष्टीचा तारवटी मुंबईस धोबीतलावाकडे आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालविलेल्या बिऱ्हाडात, उतरे. सामानाची एक पेटी, निजण्यापुरती जागा, आणि पुढच्या बोटीची वाट! समुद्र खवळला की ताटे घसरू नयेत म्हणून मेजांना लाकडी कठडे लावीत. वाढप्याला कठडा कोठला?

आमच्या मते, बोटींवर निबंध लिहिणाऱ्याने आधी एखादा वृद्ध तारवटी गाठावा. पगार किती होता, घरचे पत्र कोणत्या बंदरात मिळे, हे त्यास विचारावे. अशी माणसे आता विरळ होत चालली आहेत. तुयेहून शापोरा ओलांडली की कामुर्ली, म्हणजे बारदेशच लागतो.