शुगर आहे? मग हातही दाखवा

शुगर निघाली की डॉक्टर पाय जपायला सांगतात. अनवाणी फिरू नका, जखम रोज बघा. ते बरोबरच आहे. पण येडशीसारख्या गावात सोयाबीन विळ्यानं कापतात, कडब्याच्या पेंढ्या हातानं बांधतात, पहाटे धार काढतात. तिथं हातांबद्दल कुणी का बोलत नाही? दवाखान्यात बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात, पण तेच बोट सरळ होतंय का, हे सहसा बघत नाहीत.

त्याला यंत्र लागत नाही. नमस्कार करायला सांगा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकली तर ठीक. जोर लावूनही मध्ये फट राहत असेल, तर सांधे आखडायला लागलेत. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कातडीतल्या आणि सांध्याभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटत राहते आणि ते ताठर होतं. कातडी जाड, मेणचट दिसू लागते. बहुधा दुखत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. भाकरी थापताना तळवा सपाट पडेना, एवढंच बाईला जाणवतं आणि ती ते वयावर ढकलते. पण असे हात असणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आणि मूत्रपिंडालाही इजा झालेली असण्याची शक्यता जास्त असते. फट दिसली की डोळे आणि लघवी तपासून घ्यायलाच हवी.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. ही मनगटात नस दबल्याची खूण. कुणाचं बोट वाकलेलंच अडकतं आणि खटकन सुटतं. हे दोन्ही त्रास शुगरवाल्यांत जास्त दिसतात. आपण त्यांना वात म्हणतो आणि तेल चोळत बसतो. तेलानं दबलेली नस मोकळी होत नाही. वेळेत गेलं तर रात्री मनगटाला पट्टा बांधून किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं भागतं. उशीर झाला तर अंगठ्याखालचं मांस झडतं आणि विळ्यावरची पकड जाते. अडकणाऱ्या बोटात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं काही दिवस शुगर चढते, तेव्हा आधी डॉक्टरांना शुगर असल्याचं सांगा.

सर्वांत मोठी भीती जखमेची. बाभळीचा काटा, विळ्याचा काप, तव्याचा चटका. हात बधिर असला तर कळतही नाही. १९८४ साली नायजेरियातल्या डॉक्टरांनी मधुमेहींच्या अशा हातांची नोंद केली, पुढे टांझानियातूनही तेच आलं. साधी जखम, दुर्लक्ष, दवाखान्यात यायला उशीर आणि शेवटी बोट कापावं लागणं. हातावर पोट असलेल्या माणसाचं बोट गेलं तर त्याची मजुरीही जाते.

आशाताईंनी शुगरच्या प्रत्येक पेशंटला पुढच्या भेटीत नमस्कार करायला लावावा. आणि तुम्हाला शुगर असेल, तर हाताची जखम हळद लावून झाकून ठेवू नका. सूज, पू किंवा लाली दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.