काचेवरचे धुके

पौष महिना लागला की माळव्यातील रस्त्यांवर पहाटेच्या मोटारी वाढतात. राजगडजवळील मोहनखेडा येथे पौष शुद्ध सप्तमीस गुरुसप्तमीचा मोठा मेळा भरतो. आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली राजगडास निवर्तले. त्यांची समाधी मोहनखेड्यास आहे. इंदूर, धार, देवास येथील जैन कुटुंबे त्या दिवशी तिकडे निघतात आणि शेजारधर्माने आपलीही मंडळी त्यांच्या सोबतीला असतात. कुणी त्याच रस्त्याने पुढे झाबुआ, दाहोद करीत बडोद्याच्या आप्तांकडे जातात. इंदुराहून धारमार्गे मोहनखेडा ११० किलोमीटरच्या आसपास. बाहेर कडाक्याची थंडी, आत पाच माणसे, शाली-कांबळी आणि थर्मासातला चहा. मोटार गावाबाहेर पडते न पडते तोच समोरची काच दुधाळ होते. चालविणारा एका हाताने चाक सांभाळतो व दुसऱ्या हाताने काच पुसतो; आणि नेमक्या त्याच क्षणी समोरून उसाची किंवा कापसाची ट्रॉली, मागे दिवा नसलेली, येऊन ठाकते. म्हणून या वेळी या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा विचार करू.

हे धुके येते कोठून? उत्तर सोपे आहे: आपल्याच श्वासातून. स्वस्थ बसलेला माणूस श्वास व त्वचा यांवाटे तासाला सुमारे ३० ते ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो. पाच माणसांचे मिळून हे मिनिटाला ३ ग्रॅमच्या घरात जाते. हवेची वाफ धरून ठेवण्याची शक्ती मात्र तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशाला १७ ग्रॅम, तर १० अंशाला जेमतेम ९ ग्रॅम वाफ सामावून घेते. मोटारीच्या आत हवा ती किती? साधारण तीन घनमीटर. काच बाहेरच्या थंडीने १० अंशांवर आलेली असेल, तर तिला स्पर्श करणारी हवा आपल्याजवळची जास्तीची वाफ तिथेच टाकून देते. खिडक्या घट्ट लावल्या असतील तर त्यास दहा मिनिटेही पुरतात. फुलपात्रात गार पाणी ओतल्यावर बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार.

हे एकदा ध्यानात आले की उपाय आपोआप सुचतात. पहिला उपाय ताज्या हवेचा. आधुनिक मोटारीत आतलीच हवा फिरवीत ठेवणारी एक कळ असते. तिच्यावर मोटारीच्या चित्रात वळलेला बाण दाखविलेला असतो. थंडीत ती बंद ठेवावी आणि बाहेरची हवा आत घ्यावी. बाहेर धुके असताना ही हवा ओलीच नसेल काय, अशी शंका येईल. परंतु थंड हवेत वाफ मुळातच थोडी असते. ती आत येऊन उबदार झाली की कोरडी ठरते व काचेवरील ओल टिपून घेते. जुन्या फियाट व अँबॅसॅडर मोटारींना पुढच्या दारात छोटी तिकोनी काच असे. ती किंचित उघडली की काम भागे. आज तशी सोय नसेल, तर दोन बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्याव्यात.

दुसरा उपाय ऐकून घरातील वडीलधारी मंडळी चकित होतात: थंडीतही ए.सी. लावावा, मात्र तापमानाची कळ उष्णतेकडे वळवून व हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडून. ए.सी.च्या थंड नळ्यांवर हवेतील पाणी गळून पडते. उन्हाळ्यात मोटारीखाली थेंब ठिबकतात ते हेच. नंतर हीच कोरडी हवा तापून काचेवर येते. काच दोन-तीन मिनिटांत निवळते.

तिसरा उपाय स्वच्छतेचा. काचेच्या आतल्या अंगावर धूळ, विडी-सिगारेटचा धूर व उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचे पदार्थ यांचा पातळ थर बसतो. त्यावर थेंब चटकन धरतात. हाताने पुसल्यास त्वचेचे तेल लागून रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने काच धुवावी, स्वच्छ पाण्याने पुसावी आणि कोरड्या मलमलीने चकचकीत करावी. प्रवासाआधी भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात कालवून काचेवर फिरवावेत व काच पारदर्शक होईपर्यंत पुसावी. साबणामुळे पाणी थेंबाथेंबांनी न साठता सपाट पसरते आणि पलीकडचे दिसत राहते.

हीच युक्ती अंतराळातही उपयोगी पडली. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ यानाबाहेर पडलेल्या यूजीन सर्नान यांच्या शिरस्त्राणाची काच श्रमाच्या घामाने आतून इतकी धूसर झाली की त्यांना काम अर्धवट सोडून परतावे लागले. पुढील उड्डाणांत काचेस आतून धुके-प्रतिबंधक द्रव लावू लागले.

चौथी गोष्ट ओलाव्याची. ओल्या छत्र्या, भिजलेल्या सतरंज्या, पायपुसणी आत ठेवू नयेत. पायाखालचे आच्छादन सदैव दमट असेल व गोडसर वास येत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असण्याचा संभव आहे. मोटार मिस्त्रीकडे न्यावी.

पावसाळ्यात, मांडवगडाच्या वाटेवर, उलटेही घडते. ए.सी.ने काच फार गार झाली तर धुके बाहेरून धरते. बोट फिरवून पाहावे: बाहेरून असेल तर वायपर चालवावा आणि आतला गारवा कमी करावा.

राहिला प्रश्न घरातल्या मतभेदांचा. मागे बसलेल्या आजींना वारा सोसत नाही, पोराला सर्दी असते, म्हणून खिडकी बंदच राहावी असा आग्रह होतो. आजींना आणखी एक शाल द्यावी, पोराला टोपी घालावी. पण खिडकीचा निर्णय चालविणाऱ्याचा असावा. सर्वांचे डोळे तो आहे. आणि काच निवळत नसेल, तर धाब्यापाशी मोटार बाजूला घेऊन दहा मिनिटे थांबावे. सकाळचे ऊन कुणासाठी अडून राहत नाही, आणि मेळाही दिवसभर चालतो.